शिट्टीबाईच्या ठणठणीत वह्या

शिट्टीबाईचा नवरा पळून गेलाय, ही बातमी मला पहिल्यांदा लाँड्रीच्या बाकावर मिळाली. सांगणारीने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग आवाज इतका खाली आणला की मला माझा कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. बातमी अशी होती: बाईचा नवरा कुणा दुसरीबरोबर पळाला, तो याच वस्तीत कुठल्यातरी घरात लपलाय, आणि बाई शाळेतल्या पोरांच्या हातात वह्या देऊन घरोघरच्या माणसांची नोंद ठेवतेय. कोण किती वाजता दिसलं, कोण कसं दिसलं, सगळं. एक ना एक दिवस एखादं पोर लिहून आणणार, 'आमच्याकडे एक नवीन काका आहेत, सव्वाआठ, ठणठणीत,' की बाई शिट्टी फुंकत त्या घराच्या दारात!

मला बातमी फारच आवडली. आवडलेली गोष्ट एकट्याने खायची मला सवय नाही. संध्याकाळपर्यंत ती आणखी सहा घरी पोचली होती, आणि त्यातल्या चार घरी मी स्वतः पोचवली होती.

आता बाई कोण ते सांगतो. ही आमच्या शाळेतली कवायतीची बाई. उंच, काटकुळी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. बाजारात भाजी घ्यायला आली तरी शिट्टी गळ्यात. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन आली आणि बुकबाइंडरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिली. एकटीच. पोस्टमन सांगायचा, नवऱ्याच्या नावाने पत्रं येतात, नवरा मात्र कधी दिसला नाही. एवढा धागा मिळाल्यावर आमच्या वस्तीने पूर्ण सतरंजी विणली नसती तरच नवल.

वह्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका कवायतीच्या तासाला. मैदानावर चिखल होता म्हणून बाईने तिसरी-चौथीची पोरं हॉलमध्ये बसवली आणि फळ्यावर एक मोठा चेहरा काढला. गोल, हसरा. मग डस्टर घेऊन त्याच्या तोंडाची एक बाजू पुसली आणि खाली ओघळलेली काढली. पोरं हसली.

"हसताय काय? हा तुमचा आजोबा आहे असं समजा."

पोरं सरळ बसली.

"डोक्यात रक्ताच्या बारीक नळ्या असतात," बाई म्हणाली. "एखादी तुंबली की पुढचा मेंदू उपाशी पडतो. कधीकधी नळी फुटते. त्याला स्ट्रोक म्हणतात, पक्षाघात म्हणतात, तुमच्या घरी 'झटका आला' म्हणत असतील. तो अचानक येतो. आत्ता माणूस चहा पितोय, आणि पुढच्या क्षणी कप हातातून सुटतो. मला सांगा, स्वयंपाकघरातला नळ तुंबला तर आपण उद्या बघू म्हणतो का?"

"नाहीऽऽ!"

"आमचे बाबा म्हणतात," मागून एक आवाज आला.

हा तास मी पाहिला नाही. पण शाळेचा शिपाई दारातून बघत होता आणि तो माझा जुना पत्त्यांतला भिडू, त्यामुळे पाहिल्यासारखाच आहे. बाईने त्याची कवायतच करून टाकली. पहिली शिट्टी: हसून दाखवा, तोंड एका बाजूला ओढतंय का बघा. दुसरी शिट्टी: डोळे मिटून दोन्ही हात समोर, दहा आकडे, एक हात खाली घसरतोय का बघा. तिसरी शिट्टी: एक सोपं वाक्य बोला, शब्द अडखळतात का ऐका. यातलं एक जरी अचानक बिघडलं तर चौथी शिट्टी. चौथ्या शिट्टीला विचार करायचा नाही, कुणाची परवानगी मागायची नाही, रुग्णवाहिकेला फोन. पाणी पाजायचं नाही, गोळी द्यायची नाही, 'जरा पडा, बरं वाटेल' म्हणायचं नाही.

इथवर कुणीही शिकवेल. बाईची पाचवी शिट्टी होती घड्याळाची.

"दवाखान्यात पोचलात की डॉक्टर एक प्रश्न विचारतात. पडले कधी, हे विचारत नाहीत. विचारतात, शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?"

"म्हणजे काय बाई?"

"आजी रात्री नऊला झोपली तेव्हा चांगली होती. सकाळी सहाला बघता तर तोंड वाकडं. झटका कधी आला?"

"सहाला."

"कशावरून? दहाला आला असेल. दोनला आला असेल. कुणी बघितलं नाही, म्हणून डॉक्टरांना नऊपासून मोजावं लागतं. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतलं. उशीर झाला तर त्याच औषधाने नुकसान व्हायची भीती. तेव्हा घरातल्या माणसाकडे बघून ठेवायचं. नुसतं दिसलं, असं नाही चालत. बघायचं. आणि वेळ लिहून ठेवायची."

प्रत्येक पोराला तिने बोटभर वही दिली. घरातलं एक मोठं माणूस निवडायचं, सकाळी निघताना त्याची कवायत घ्यायची, आणि वेळेसकट लिहायचं: ठणठणीत. परत आल्यावर पुन्हा.

झालं! त्या दिवसापासून आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं म्हातारपण हराम झालं. मी स्वतः एका घराच्या खिडकीतून बघितलं, निवृत्त पोलीस हवालदार डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून उभे, आणि समोर गुडघ्याएवढी नात आकडे मोजतेय. एका घरातली सासू गेली कित्येक वर्षं कुणाला हसताना दिसली नव्हती. नातवाने रोज दोनदा हसवून तिच्या गालांना अशी सवय लावली की ती चुकून सुनेकडे बघूनही हसली, आणि सुनेने घाबरून शेजारणीला बोलावलं.

मग दातांचं प्रकरण झालं. बुकबाइंडरच्या आईची कवळी दुरुस्तीला गेली होती, फक्त डाव्या बाजूची. सकाळी धाकट्या नातीने "आजी, हस" म्हटलं, आजी हसली, आणि तोंड डावीकडे पार आत गेलं. पोरीने दुसरी शिट्टी, तिसरी शिट्टी काही बघितलं नाही, सरळ चौथी. रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली. अख्खी गल्ली बाहेर. आजी स्ट्रेचरवर बसून शिव्या घालतेय, आणि कवळी नसल्यामुळे त्या शिव्याही धड ऐकू येत नव्हत्या. मला वाटलं, आता पोरीला मार बसणार. पण रुग्णवाहिकेतला माणूस खाली गुडघ्यावर बसला, पोरीच्या हातातली वही घेतली आणि पानं उलटली. सोळा दिवस. रोज दोन वेळा. एकही दिवस चुकलेला नाही. त्याने सोबत्याला हाक मारली, "अरे, हे बघ." दोघं धटिंगण वाकून त्या बोटभर वहीकडे बघत राहिले. मग तो पोरीला म्हणाला, "बरोबर केलंस. पुढच्या वेळीही अस्संच करायचं." आजी मात्र पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत होती, "माझ्या हसण्याकडे एवढं लक्ष तर ह्यांच्या आजोबांनीसुद्धा कधी दिलं नव्हतं."

मी तुम्हाला खरं सांगतो, मी लोकांची टिंगल करून आयुष्य काढलंय, पण त्या दिवशी मला टिंगल सुचेना. अक्षरं गिरवणारी पोरं घराला असा पहारा देत होती, आणि आम्ही मोठी माणसं त्यांना हसत होतो.

घोटाळा असा झाला की पोरं जे बघत ते लिहीत, आणि पोरं सगळं बघतात. एकाने लिहिलं, 'बाबा. रात्री ११.४०. हसू सरळ. हात सरळ. वाक्य वाकडं. आई म्हणाली ह्याला डॉक्टर नको, मी पुरे आहे.' दुसऱ्याने, 'मामा. परत आले नाहीत. आजी म्हणते विचारू नको.' आणि आमच्या लाँड्रीवाल्याच्या पोरीने, जिला सगळी वस्ती लवंगी म्हणते, कारण ती आकाराने तेवढीच आणि फुटते तशीच, तिने आजोबांच्या नोंदीखाली लिहिलं: 'आई. ८.०५. झोपलेली. तपासता आली नाही.'

ही आई, म्हणजे लाँड्रीवाल्याची बायको, गेली बारा वर्षं सगळ्यांना सांगत आली होती की मी पहाटे पाचला उठते. ही वही कुणाकुणाच्या हातून फिरली कुणास ठाऊक. (मी दोघांनाच दाखवली.) तिसऱ्या दिवशी पालकांनी शाळेत सभा बोलावली आणि वहिनी, म्हणजे हीच लाँड्रीवाली, सगळ्यांच्या पुढे.

"हेडसर, शाळेत अभ्यास शिकवता की चहाड्या?"

"अहो ताई, आरोग्याचा उपक्रम आहे."

"आमच्या घरात कोण कधी उठतं हे आरोग्य? आणि बाईंना एवढी काय पडलीय घरोघरच्या माणसांची? कुणी हरवलंय का त्यांचं?"

सभेत खसखस पिकली. सगळ्यांना कळलं ती कुणाबद्दल बोलतेय. शिट्टीबाई भिंतीशी उभी होती.

"वह्या घ्या," ती म्हणाली. "तो विषय संपला. पण पोरांचं बघणं थांबवू नका. एवढंच मागते."

"बघायचं काय असतं त्यात? आमची माणसं आम्हाला दिसतात!"

"दिसतात ना," बाई म्हणाली. "मी बघायचं म्हणतेय."

हेडसर बिचारे दोन्हीकडून अडकले. शेवटी ठरलं: शुक्रवारपर्यंत सगळ्या वह्या ऑफिसात जमा. यापुढे हा विषय कवायतीच्या तासाला काढला तर बाईंची बदली करायला वर लिहावं लागेल. बाईने मान हलवली. शिपाई सांगतो, दुसऱ्या दिवशी तिने एकेका पोराकडून वही घेताना प्रत्येकीचं शेवटचं पान वाचलं. बदली झाली असती तर ही तिची तिसरी शाळा सुटली असती. याआधीच्या दोन्ही ठिकाणी वह्यांवरूनच भांडण झालं होतं, हे मला फार नंतर कळलं.

आता लाँड्री. शाळेच्या मागच्या गल्लीत एक लांबट खोली. पुढे काउंटर, एक बाक, मध्ये इस्त्रीचं मोठं टेबल, मागे पडद्याआड घर. इस्त्री करायचे ते लवंगीचे आजोबा. अडुसष्ट वर्षांचे, खांदे अजून दणकट. शर्टाची कॉलर ते अशी फिरवायचे की बघत बसावं. त्यांचा मुलगा, म्हणजे लाँड्रीवाला, हॉटेलांच्या चादरी आणायला पहाटेच निघायचा. आणि प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला, खाली शेवटाशी, एक कापडी पट्टी टाचणीने लावलेली असायची. त्यावर गिऱ्हाईकाची खूण आणि तारीख. लाँड्रीत कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून जगात सगळीकडे करतात तसं.

लवंगीची वही ऑफिसात गेली. आईने दम भरला होता, "पुन्हा काही लिहिताना दिसलीस तर बघ." पोरीने आईचं शब्दशः ऐकलं. लिहिताना ती दिसली नाही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि सांगताना अजून कानशिलं तापतात.

पुढच्या मंगळवारी साडेनऊच्या आत मी माझी पँट न्यायला लाँड्रीत गेलो. आजोबा टेबलाजवळच्या उंच स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून, भिंतीला खांदा टेकून बसले होते. इस्त्री तिच्या लोखंडी जाळीवर उभी. मी बाकावर बसलो आणि सुरू झालो. ऐकलंत का, शिट्टीबाईची बदली होणार. ऐकलंत का, तिचा नवरा म्हणे भाजीबाजाराकडे दिसला. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आज स्वारी रुसलीय. असे रुसायचे ते. दहा मिनिटं मी त्या पाठीला बातम्या सांगत होतो. शेवटी म्हटलं, "अहो, निदान हं तरी म्हणा," आणि उठून खांद्यावर हात ठेवला. ते माझ्याकडे वळले ते एका बाजूने. उजवा गाल लोंबत होता. बोलायला गेले आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज आला.

मी ओरडलो. वहिनी पडदा सारून धावत आली. आणि मग मी जे पाहिलं ते सांगायला हवं, कारण ह्याच बाईने सभेत आकाशपाताळ एक केलं होतं. ती सासऱ्यांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हसा." तोंड एकीकडेच ओढलं. "बाबा, हात वर." डावा वर गेला. उजवा मांडीवरच. तिने पुढचं काही विचारलं नाही, फोन उचलला. तोवर चारजण जमले. एकजण पाण्याचा पेला घेऊन आला.

"पाणी नको!" ती किंचाळली. "घशात अडकेल! लांब ठेवा ते!"

"अगं, आपल्या डॉक्टरांना आधी दाखवू."

"चौथी शिट्टी झालीय, काका! आता कुणी नाही!"

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. रोज सकाळी तिच्या घरात तिच्या कानावर ती कवायत पडत होती, आणि पांघरुणातून का होईना, तिने ती पाठ केली होती.

दवाखान्यात आम्ही दहा वाजून सात मिनिटांनी पोचलो. वहिनी रुग्णवाहिकेतून, मी मागून रिक्षाने, मुलगा चादरींचा टेम्पो रस्त्यातच सोडून. डॉक्टरीणबाई तरुण होती, भरभर बोलणारी. आजोबांना आत नेता नेता विचारलं, "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?"

मुलगा म्हणाला, "रात्री. दहाला. मी पहाटे निघालो तेव्हा झोपले होते."

"सकाळी?"

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती रडायला लागली. "मी आतून इस्त्रीचा आवाज ऐकला... बघितलं नाही. मी उशिरा उठले."

"टेबलावर बारा शर्ट झालेले होते," ती म्हणाली. "म्हणजे तोवर चांगलेच असणार ना?"

"ते रात्री केलेले नाहीत कशावरून?"

आजोबा रात्रीही करून ठेवत.

"आणि तुम्ही?" डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "तुम्ही तिथे होतात ना?"

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

"तेव्हा कसे होते?"

"मी बघितलं नाही," मी म्हटलं. "मी बोलत होतो."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी कुणाला सांगत नाही. मग हळू आवाजात मुलाला म्हणाली, "डोक्याचा स्कॅन करतोय. रक्तस्राव नसेल तर गुठळी विरघळवायचं औषध देता येतं. पण रात्री दहापासून बारा तास होतात. मी ते देऊ शकणार नाही. दुसरं काय करता येईल ते बघू." मुलाने विचारलं, "हात?" ती म्हणाली, "आत्ता काही सांगता येत नाही." इस्त्रीवाल्याचा उजवा हात.

ते आत स्कॅनला घेऊन गेले. पाच-सात मिनिटांनी एक नर्स बाहेर आली. हातात आजोबांचा शर्ट. छातीला तारा लावायला काढलेला.

"हे काय आहे? आतून टाचलेलं होतं. लागेल म्हणून काढलं."

कापडी पट्टी होती. लाँड्रीचीच. त्यावर पेन्सिलीने, एकदम शिस्तीत:

'आजोबा. ८.०१. हसू सरळ. हात दोन्ही. वाक्य पूर्ण. ठणठणीत.' आणि खाली तारीख. मंगळवारची.

डॉक्टरीणबाईने पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "कोणी लिहिलं?"

"लवंगीनं," वहिनी म्हणाली. एवढाच शब्द, तोही कसाबसा.

नऊ वर्षांच्या पोरीच्या पट्टीवर कुणी असलं औषध देत नाही, आणि देऊही नये. डॉक्टरीणबाईने शाळेत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हेडसरांनी वर्गातून पोरीला बोलावून आणलं.

"बाळ, तू सकाळी आजोबांना पाहिलंस?"

"बघितलं," पोरगी म्हणाली. "त्यांना काय झालं?"

"आम्ही त्यांची काळजी घेतोय. मला नीट सांग. किती वाजता?"

"आठ वाजून एक मिनिट."

"कुठलं घड्याळ?"

"दुकानातलं. त्यात आठ-पाच झाले होते. ते चार मिनिटं पुढे आहे, म्हणून मी वजा केली. बाईंनी सांगितलंय, घरातलं घड्याळ आधी शाळेच्या घड्याळाशी ताडून बघायचं."

डॉक्टरीणबाईने ते लिहून घेतलं. नर्स होती, वॉर्डबॉय होता, ट्रॉलीवर बसलेला दुसरा एक पेशंट होता. सगळे त्या फोनकडे बघत होते.

"उभे होते की बसलेले?"

"उभे. माझ्या रिबिनीला इस्त्री करून दिली त्यांनी."

"आणि बोलले काय?"

पोरगी जरा अडखळली. "वाक्य सांगू? आमच्या बाईंना राग येईल."

"नाही येणार. सांग."

"'शिट्टीबाईच्या शिट्टीत वाटाणा अडकलाय, म्हणून ती पिपाणीसारखी वाजते.' रोज हेच म्हणतात. आज पण पूर्ण म्हटलं. 'पिपाणी' स्पष्ट."

फोनच्या पलीकडे कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग शिट्टीबाईचा आवाज. "डॉक्टर, मी तिची बाई. ही पोरगी वेळ चुकत नाही. मी वह्या तपासल्यात. दुकानाच्या घड्याळाची चार मिनिटंही तपासलीत." आणि नंतर, अगदी कवायतीच्या सुरात, "आत्ता दहा चौतीस झालेत."

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, बाकीचे प्रश्न विचारून झाले. दहा वाजून बावन्न मिनिटांनी औषध सुरू झालं. आठ-एकपासून धरलं तर तीन तासांच्या आत.

मी त्या बाकड्यावर बसून होतो आणि मला राहून राहून एकच वाटत होतं. एवढी मोठी इमारत, एवढी यंत्रं, एवढे शिकलेले लोक. आणि सगळ्यांना अडवून बसलेला दरवाजा उघडला तो दोन बोटं रुंद चिंधीने. बारा वर्षं मी त्या लाँड्रीत जातोय, रोज त्या माणसाशी बोलतोय, आणि त्या सकाळी त्याच्याकडे नीट पाहणारं माणूस सगळ्या वस्तीत एकच निघालं.

दुपारी आजोबांनी उजव्या हाताची बोटं हलवली. तिसऱ्या दिवशी बोलले. सगळं परत आलं असं नाही. कॉलर फिरवताना हात अजून जड पडतो, थकले की 'पिपाणी'चं 'पिआणी' होतं. पण टेबलापाशी उभे राहतात, आणि माझ्या पँटची घडी त्यांच्याच हातची असते. पट्ट्या किती दिवस लावत होतीस म्हणून पोरीला विचारलं तेव्हा कळलं, वही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज. आजोबांना माहीत होतं. रात्री शर्ट काढताना ते टाचणी काढून ठेवायचे. सुनेला म्हणाले नाहीत, कारण ते त्या दोघांचं होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सभा. ह्या वेळी कुणी बोलावली नव्हती, लोक आपणहून आले. वहिनीने ऑफिसातून लवंगीची वही मागून आणली होती. ती सगळ्यांसमोर तिने उघडली आणि स्वतःच वाचून दाखवली: 'आई. ८.०५. झोपलेली.'

"खरं आहे," ती म्हणाली. "मी आठनंतर उठते. हसायचं त्यांनी हसून घ्या."

कुणी हसलं नाही. हवालदार उभे राहून म्हणाले, वह्या परत द्या. बुकबाइंडर म्हणाला, नव्या वह्या मी बांधून देतो, जाड पुठ्ठ्याच्या, दरवर्षी. हेडसरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बदलीचं पत्र मी लिहिलंच नव्हतं. (लिहिलं होतं. शिपायाने पाहिलं होतं.)

मग वहिनी शिट्टीबाईकडे वळली. "बाई, मी त्या दिवशी नको ते बोलले. लोक काय काय म्हणतात, मीही म्हणाले. पण तुम्हीच सांगा ना एकदा. एवढ्या शाळा सुटल्या तरी तुम्ही हे सोडत का नाही?"

हॉलमध्ये कुणी हलेना. मी तर श्वासही घेतला नाही, हे माझ्याबाबतीत दुर्मिळ आहे.

बाईने सांगितलं. बसूनच सांगितलं, चार-पाच वाक्यांत, आणि पुढच्या तासाला पोरं मैदानावर थांबलीत म्हणून निघून गेली. ती जे बोलली ते असं.

नवरा पळून गेला नव्हता. एका क्षुल्लक कारणावरून दोघांमध्ये अबोला होता. चार दिवस एकाच घरात असून तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी तो त्याच्या खोलीत जमिनीवर सापडला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं. तिला सांगता आलं नाही. औषध दिलं गेलं नाही. तो अकरा महिने अंथरुणावर होता आणि मग वारला; पत्रं तेवढी त्याच्या नावाने अजून येतात.